चुलीविना किती किलोमीटर?

पुण्याहून वेल्ह्याला यायचे दोन रस्ते. एक सातारा रस्त्यावर चेलाडीला वळून नसरापूर, मार्गासनी करत येतो. दुसरा सिंहगडाच्या मागच्या अंगाने खानापूरहून पाबे घाट चढून उतरतो. दोन्ही रस्त्यांवर सुट्टीच्या दिवशी उजाडायच्या आत पळणारी माणसं दिसतात आणि गावात आता कुणाला त्याचं नवल उरलेलं नाही. सरकारने तालुक्याचं नाव राजगड केलं असलं तरी पळणाऱ्यांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे. गेली काही वर्षं डिसेंबरात सिंहगड, राजगड आणि तोरणा हे तीन गड जोडणारी ‘एसआरटी अल्ट्रा’ ही डोंगरी शर्यत होते. सिंहगड १३१२ मीटर, राजगड १३७६, तोरणा १४०३. एवढं चढून तेवढंच उतरायचं, तेही घसाऱ्यावरून. त्यामुळे या शर्यतीसाठी तयारी करणारे लोक महिनोन्महिने पळतात, आणि पळून झालं की खाण्यावर बोलतात.

बूट आणि घड्याळ यांच्या खालोखाल या मंडळींचा आवडता विषय म्हणजे आहार. त्यात एक पंथ अलीकडे बराच बोलका झाला आहे: कच्चं खा. फळं, मोड आलेली कडधान्यं, भिजवलेले बदाम, खजूर, ओलं खोबरं, काकडी-गाजर. गॅस पेटवायचाच नाही. शिजवलं की अन्नातलं सत्त्व जातं, पोट जड होतं, अंग सुस्तावतं. कच्च्यावर राहिलं की वजन उतरतं, झोप कमी लागते, दुसऱ्या दिवशी पाय दुखत नाहीत, असं सांगणारे प्रत्येक गटात एक-दोन तरी भेटतात. त्यातलं काही अनुभवाचं असतं, काही ऐकीव. पण प्रश्न खरा आहे आणि जुनाही आहे: आठवड्याला साठ-सत्तर किलोमीटर पळणाऱ्या माणसाला चुलीविना राहता येतं का?

आधी ‘कच्चं’ म्हणजे काय ते ठरवावं लागतं, कारण मराठी घरात या शब्दाची फार गल्लत होते. कच्च्या आहाराचे कडवे अनुयायी ४२ ते ४८ अंश सेल्सिअसच्या वर तापलेलं काहीही वर्ज्य मानतात. ही पट्टी घेऊन आपल्या फडताळापुढे उभं राहिलं तर गंमत होते. गूळ बाद, कारण तो उसाचा रस काहिलीत उकळून होतो. पोहे बाद, कारण भात गरम पाण्यात भिजवून, भाजून मग कांडतात. चुरमुरे, लाह्या, फुटाणे, सातूचं पीठ सगळं भट्टीतून आलेलं. काजूचं टरफल फोडण्याआधी बी वाफवतात किंवा भाजतात, म्हणून दुकानात ‘कच्चा’ म्हणून मिळणारा काजूही कच्चा नसतो. शेंगदाणे भाजलेले. चिक्की तर दोनदा शिजलेली. म्हणजे ट्रेकच्या पिशवीतला जो खाऊ आपण न शिजवलेला समजतो, त्यातलं बहुतेक सगळं आपल्या आधी दुसऱ्या कुणीतरी शिजवून ठेवलेलं असतं. उरतं ते फळ, खोबरं, बदाम, खजूर, बेदाणे, कोशिंबीर आणि मोड.

महाराष्ट्राच्या जवळपास या विषयावरचा सर्वांत प्रामाणिक प्रयोग पळणाऱ्याने केलेला नाही, गांधीजींनी केलेला आहे. १९२९च्या मे महिन्यात, साठीला टेकलेले असताना, राजमहेंद्रीच्या सुंदरम् गोपाळराव यांच्या सांगण्यावरून त्यांनी न शिजवलेल्या अन्नावर राहायला सुरुवात केली. आश्रमातले काही जण त्यांच्यासोबत होते. ‘यंग इंडिया’त त्यांनी आपला दिवसाचा शिधा तोळ्यांत मांडला: मोड आलेले गहू ८ तोळे, वाटलेले बदाम ८ तोळे, वाटलेला हिरवा पाला ८ तोळे, सहा लिंबं आणि दोन औंस मध. गव्हाच्या जागी अधूनमधून मोड आलेले हरभरे. ऑगस्टमध्ये त्यांना आव झाली आणि प्रयोग थांबला. ते पुन्हा शेळीच्या दुधावर आले. सुरुवात जितक्या उत्साहाने छापली होती तितक्याच उघडपणे त्यांनी शेवटही छापला. आजच्या आहारगुरूंमध्ये ही सवय क्वचितच दिसते.

त्या शिध्याचा हिशोब करून पाहण्यासारखा आहे. ८ तोळे म्हणजे साधारण ९३ ग्रॅम. बदामांचे साडेपाचशेच्या आसपास किलोकॅलरी, गव्हाचे फार तर तीनशे-सव्वातीनशे, मधाचे पावणेदोनशे, पाला आणि लिंबं किरकोळ. बेरीज हजार-अकराशेच्या वर जात नाही. सूत कातणाऱ्या, पत्रं लिहिणाऱ्या, सडपातळ वयस्क माणसालाही हे कमीच. पळणाऱ्याचं गणित याहून फार वेगळं असतं. सपाटीवर पळताना शरीर दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे साधारण १ किलोकॅलरी खर्च करतं. साठ किलोच्या माणसाने पूर्ण मॅरेथॉन पळली तर अडीच हजार गेले. गांधीजींचा अडीच दिवसांचा शिधा चार-पाच तासांत संपला.

प्रयोग फसला तरी निसर्गोपचारावरचा त्यांचा विश्वास गेला नाही, आणि त्याची खूण पुणे जिल्ह्यातच आहे. मार्च १९४६मध्ये ते उरुळी कांचनला राहिले, गावकऱ्यांवर उपचार केले आणि पुढे मणिभाई देसाईंनी तिथला निसर्गोपचार आश्रम उभा केला. आजही पुण्या-मुंबईची माणसं तिथे फळांचे रस, कच्च्या आणि उकडलेल्या भाज्या, माती-पाण्याचे उपचार घ्यायला जाऊन राहतात. त्यांना बरं वाटतं यात आश्चर्य नाही. पण तिथे जाणारा माणूस विश्रांतीला गेलेला असतो. त्याच्या शरीराकडे आयुष्यभराचा साठा असतो आणि खर्च जवळपास नसतो. दहा दिवसांच्या उरुळीवरून दहा महिन्यांच्या सरावाचा निष्कर्ष काढणं चूक आहे, आणि कच्च्या आहाराच्या बहुतेक गोष्टी नेमक्या याच चुकीवर उभ्या असतात. पहिले तीन-चार आठवडे खरोखर छान जातात. तळण, मैदा, बाहेरचं खाणं सुटलेलं असतं, वजन दोन-तीन किलो उतरलेलं असतं आणि चढावर पाय हलके पडतात. लोक कौतुकही करतात. खरी परीक्षा चौथ्या-पाचव्या महिन्यात सुरू होते.

दीर्घकाळ कच्चं खाणाऱ्यांचं काय होतं, याचा सर्वांत मोठा तपास जर्मनीत गीसन विद्यापीठात झाला. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात २१६ पुरुष आणि २९७ स्त्रिया होत्या, आणि ते सगळे सरासरीने ३.७ वर्षं त्या आहारावर होते. ही सगळी मंडळी सुशिक्षित, हौसेने कच्चं खाणारी, बारा महिने बाजारात हवं ते मिळणाऱ्या देशातली होती. तरी पुरुषांचं सरासरी ९.९ किलो आणि स्त्रियांचं १२ किलो वजन घटलं होतं. चारांतली एक स्त्री आणि सातांतला एक पुरुष प्रमाणापेक्षा कमी वजनाचे होते. ४५ वर्षांखालच्या स्त्रियांपैकी जवळपास ३० टक्के जणींची पाळी अनियमित झाली होती किंवा पूर्ण थांबली होती, आणि आहारातला कच्चा वाटा ९० टक्क्यांच्या वर असणाऱ्यांत हे अधिक होतं. लक्षात घ्यायचं ते हे की या लोकांवर मॅरेथॉनच्या सरावाचा बोजा नव्हता.

पुढे त्याच संशोधकांच्या गटाने रक्त तपासलं. कोलेस्टेरॉल आणि ट्रायग्लिसराइड उत्तम. पण चांगलं समजलं जाणारं एचडीएलही खाली आणि ३८ टक्के लोकांत बी-१२ची कमतरता. २००५ साली अमेरिकेत केवळ कच्चं वनस्पतीजन्य खाणाऱ्या १८ जणांची हाडं तपासली गेली, तेव्हा कंबर आणि मांडीच्या सांध्याजवळ हाडांची घनता इतरांपेक्षा कमी भरली. शरीरातली सूज दाखवणारे घटकही कमी होते, ते चांगलंच. म्हणजे हृदयाच्या डॉक्टरला ही माणसं आवडतील. पळणाऱ्यांच्या फिजिओला आवडणार नाहीत. हाडाला पडणारी केसासारखी बारीक चीर, म्हणजे स्ट्रेस फ्रॅक्चर, लांब पल्ल्याच्या धावकाला कित्येक आठवडे घरी बसवते.

या सगळ्याच्या मुळाशी एक साधी गोष्ट आहे: पोट भरतं, पण शिल्लक पडत नाही. कच्च्या अन्नात पाणी आणि चोथा भरपूर, ऊर्जा विरळ. साठ किलोचा, आठवड्याला सत्तर किलोमीटर पळणारा माणूस घेतला तर त्याला दिवसाला २६०० किलोकॅलरी तरी हव्यात. त्या नुसत्या केळ्यांतून मिळवायच्या तर जवळपास तीन किलो गर, म्हणजे तीसेक केळी. त्यातून प्रथिनं येतात तीस-बत्तीस ग्रॅम, आणि सराव करणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.६ ग्रॅम, म्हणजे सत्तर ते पंच्याण्णव ग्रॅम लागतात. चोथा मात्र सत्तर ग्रॅमच्या वर. तोरण्याच्या झुंजार माचीकडून घाईने आडोसा शोधत पळण्याची हौस असेल तर हा आहार योग्य आहे.

केळ्यांसोबत खजूर, भिजवलेले शेंगदाणे, बदाम, ओलं खोबरं घेतलं की आकडे कागदावर जमतात. तेव्हा अडचण चावण्याची आणि पचण्याची येते. स्निग्ध पदार्थ पोटात रेंगाळतात, आणि पहाटे पाचला पळायचं तर रात्रीचं खोबरं तोवर खाली उतरलेलं नसतं. अमेरिकेचा स्कॉट जुरेक हे यातलं चांगलं उदाहरण. कॅलिफोर्नियातली वेस्टर्न स्टेट्स ही १०० मैलांची शर्यत त्याने १९९९ ते २००५ अशी सलग सात वर्षं जिंकली, तीही दूधसुद्धा वर्ज्य असलेल्या शाकाहारावर. त्याने मध्ये काही काळ पूर्ण कच्च्या आहाराचा प्रयोग केला आणि मग शिजवलेल्याकडे परत आला. ‘ईट अँड रन’ या २०१२च्या पुस्तकात त्याने ते लिहिलं आहे. उलट न्यूयॉर्कचा मायकेल अर्नस्टीन फळांवर राहून १०० मैलांच्या शर्यती पळला. असा एखादा माणूस असतोच. त्याला दिवसभर खाता येतं, फळं पेट्यांनी विकत घेता येतात आणि त्याचं पोट ती सोसतं. त्याचं उदाहरण खोटं नाही, पण अशा एकावरून शंभरांचा आहार ठरवता येत नाही.

चुलीचं काम नेमकं काय, हे पाहिलं की भाताची बाजू कळते. तांदूळ, नाचणी, बटाटा, रताळं यांतलं पिष्ट घट्ट बांधलेल्या कणांत असतं. पाण्यासोबत साधारण ७० अंशांपर्यंत तापलं की ते कण फुगून फुटतात आणि आपल्या लाळेतल्या, आतड्यातल्या पाचकरसांना आत शिरता येतं. कच्चं पिष्ट बऱ्याच प्रमाणात तसंच मोठ्या आतड्यात जातं आणि तिथे वायू करतं. प्रथिनांचंही तेच. १९९८ साली बेल्जियममध्ये झालेल्या तपासात शिजवलेल्या अंड्यातली ९१ टक्के प्रथिनं पचली, कच्च्यातली ५१ टक्के. हार्वर्डचे रिचर्ड रँगम तर म्हणतात की माणसाचं छोटं आतडं आणि मोठा मेंदू ही शिजवण्याचीच देणगी आहे. त्यांच्या सिद्धांतावर मानववंशशास्त्रज्ञांचे वाद आहेत, पण ताटातली ऊर्जा चुलीने वाढते यावर नाहीत. ‘शिजवल्याने एन्झाइम मरतात’ हा कच्च्या पंथाचा लाडका मुद्दा मात्र जठरातच संपतो. वनस्पतीतली एन्झाइम तिच्या कामाची असतात; आपल्या पोटातल्या आम्लात ती बहुतेक मोडून जातात आणि इतर प्रथिनांसारखी पचतात. आपलं पचन आपल्याच रसांवर चालतं. क जीवनसत्त्व उष्णतेने घटतं हे खरं. त्यासाठी एक लिंबू किंवा एक पेरू पुरतो.

जगातले उत्तम धावक काय खातात? केनियाच्या धावकांच्या २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत त्यांच्या ऊर्जेतला ७६.५ टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला आणि त्यात मुख्य होती मक्याच्या पिठाची उगाळी. आपल्याकडेही चित्र वेगळं नाही. माणदेशातल्या मोहीची ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसची अंतिम फेरी पळली. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याच्या अविनाश साबळेने २०२२च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्याच शर्यतीत रौप्य मिळवलं. हरसूलजवळच्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये दुसरी आली. ही सगळी भाकरीची गावं आहेत. मिलिंद सोमणचं नाव फळाहारासाठी पुष्कळदा घेतलं जातं, कारण सकाळी पपई, कलिंगड, आंबा असं भरपूर फळ खातो असं तो सांगत आला आहे. २०१६ साली तो अहमदाबादहून मुंबईपर्यंत अनवाणी पळत आला. पण त्याच्या दुपारच्या जेवणात वरणभात-खिचडी असते, हे फळांचे दाखले देणारे सोयीने गाळतात.

स्त्रियांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी गंभीर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यात लांब पळण्याने लोह आणखी जातं: पाय जमिनीवर आपटताना काही तांबड्या पेशी फुटतात, घामातून आणि आतड्यातून थोडं थोडं निसटतं. मोड आणि लिंबू यांनी वनस्पतीतलं लोह शोषायला मदत होते, हे कच्च्या आहाराच्या बाजूचं. पण एकूण खाणंच कमी पडलं तर शरीर आधी प्रजननाची व्यवस्था बंद करतं. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ साली या अवस्थेला ‘रेड-एस’ असं नाव दिलं: खेळाच्या खर्चाच्या मानाने ऊर्जा कमी पडणं. पाळी लांबणं ही तिची पहिली ठळक खूण. पळणाऱ्या मुली ती पुष्कळदा ‘सराव चांगला चाललाय’ म्हणून सोडून देतात, काहींना तर ती सोयच वाटते. हाडं मात्र त्याच वेळी पातळ होत असतात. पुरुषांतही हेच घडतं, फक्त त्यांना अशी उघड खूण मिळत नाही.

मग कच्चं अजिबात नको? तसं नाही, आणि इथे शर्यतीच्या दिवसाची गोष्ट वेगळी काढावी लागते. शरीराच्या स्नायूंत आणि यकृतात मिळून चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन मावतं, म्हणजे सोळाशे ते दोन हजार किलोकॅलरी. तिसाव्या किलोमीटरच्या आसपास ते आटतं. म्हणून अडीच-तीन तासांच्या पुढच्या शर्यतीत तासाला ३० ते ६० ग्रॅम, सरावलेल्यांनी ९० ग्रॅमपर्यंत कर्बोदकं घ्यावीत असं सांगतात. त्यासाठी महागडी जेलची पाकिटं लागतातच असं नाही. २०१२ साली अमेरिकेतल्या ॲपलाचियन स्टेट विद्यापीठात सायकलपटूंना ७५ किलोमीटरच्या चाचणीत एकदा केळी आणि एकदा क्रीडापेय देऊन पाहिलं. वेळेत फरक पडला नाही. त्याच वर्षी धावकांवर झालेल्या दुसऱ्या चाचणीत बेदाण्यांनीही बाजारू गोळ्यांइतकंच काम केलं. एका केळ्यात वीस-पंचवीस ग्रॅम साखर आणि पिष्ट, दोन-तीन मोठ्या खजुरांत तितकंच. डोंगरी शर्यतींच्या मदत-टेबलांवर केळी आणि मीठ लावलेली संत्र्याची फोड नेहमी असते ती उगीच नाही. शेजारी उकडलेले, मीठ लावलेले बटाटेही असतात. सहा-सात तासांनंतर गोड नकोसं झालं की हात आपोआप तिकडे जातो.

वेल्ह्यात आणि भोरमध्ये याच विषयाला आणखी एक बाजू आहे: इथलं स्वतःचं खाणं. हा भाताचा मुलूख. खाचरांत इंद्रायणी, वरकस उतारावर नाचणी आणि वरई. त्यातलं एकही कच्चं खाता येत नाही. नाचणीच्या शंभर ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, हाडांची काळजी असलेल्या धावकाला यापेक्षा स्वस्त धान्य नाही. पण ते भाकरीतून, आंबिलीतून किंवा सत्त्वातूनच मिळायचं. रानभाज्यांचं तर विचारूच नये. पहिल्या पावसात सह्याद्रीच्या उतारांवर शेवळं येतात. वरचं वेष्टण सोलायचं, आतल्या दांड्याचा पिवळा भाग काढून टाकायचा, उरलेलं बारीक चिरायचं आणि काकडाच्या आंबट फळांचा रस किंवा चिंच घालून नीट शिजवायचं. यातलं एक पाऊल चुकलं तर घसा तासभर खाजतो, कारण शेवळात, अळूत असतात तसे, कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. टाकळा, भारंगी, कुरडू सगळ्या फोडणीच्या भाज्या. ज्या बायकांना या रानाचं पान न् पान ठाऊक आहे, त्यांनी कच्चं काय खावं याची यादी पिढ्यानपिढ्या फार आखूड ठेवली आहे: करवंदं, जांभळं, आंबा, फणस, आवळा, बोरं, काकडी, मुळा, कांदा. उन्हाळा-हिवाळ्यापुरती ती यादी पोटाला सुख देते. जुलैत तिच्यातलं जवळपास काहीच नसतं.

आणि जुलैत कच्च्याची दुसरी भीती असते. पालेभाजीला चिखल, विहिरीत गढूळ पाणी, मोडांना बुरशीचा वास. मोड येण्यासाठी जी ऊब आणि ओल लागते तीच जिवाणूंनाही लागते. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई-कोलायची साथ पसरली. चार हजारांच्या घरात माणसं आजारी पडली आणि ५३ मेली. बियाणं इजिप्तहून आलेलं होतं, म्हणजे मोड स्वच्छ स्वयंपाकघरात आणलेले असले तरी उपयोग नव्हता. पुण्याला तर असला धडा अगदी अलीकडे मिळाला. जानेवारी २०२५मध्ये सिंहगड रस्त्याच्या भागात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरीच्या पट्ट्यात गियाँ-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण एकामागून एक निघाले. पुढे पुणे परिसरातल्या संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या वर गेला. काहींच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर आणि नोरोव्हायरस सापडले. आरोग्य खात्याने पाणी उकळून प्यायला आणि अन्न नीट शिजवून खायला सांगितलं. पाबे घाटाकडे पळायला जाणाऱ्यांचा हा रोजचा रस्ता. त्या महिन्यात कच्च्या मोडांचा डबा घेऊन निघणं धाडसच होतं. मोड दोन-तीन मिनिटं वाफवले तर ही भीती बरीच जाते, पचनही सोपं होतं. पंथाला हे चालत नाही, पण पोटाला चालतं. राजमा आणि घेवड्याच्या वाळलेल्या दाण्यांबाबत तर तडजोड नकोच. ते दहा मिनिटं खळखळून उकळल्याशिवाय त्यातलं विष जात नाही, आणि चार-पाच कच्चे दाणेही उलट्या करायला पुरतात.

तालुक्यातले खरे पळणारे शर्यतीचे नाहीत, भरतीचे आहेत, हेही नोंदवायला हवं. पोलीस भरतीसाठी मुलं १६०० मीटर आणि मुली ८०० मीटर काढतात. पहाटे शाळेच्या मैदानावर किंवा धरणाच्या रस्त्यावर त्यांचाच राबता. त्यांच्या खिशात तालमीतून आलेला जुना खुराक असतो: रात्री भिजवलेले मूठभर हरभरे, गूळ, जमलं तर केळं. पळून आल्यावर घरी भाकरी, भात, आमटी. कुणाही आहारतज्ज्ञाने सांगितलेलं नसताना त्यांनी कच्चं आणि शिजलेलं यांची वाटणी बरोबर केलेली आहे. पळण्याच्या आगेमागे पटकन मिळणारी साखर आणि थोडं चावायला. पोट भरायला चूल. शहरातून गाडी घेऊन येणारा धावक आहारावर त्यांच्या दसपट खर्च करतो आणि कित्येकदा कमी खातो.

तरीही कुणाला कच्च्या आहाराचा प्रयोग करायचाच असेल तर काही गोष्टी पाळता येतात. सरावाचा जोर नसलेल्या काळात, उन्हाळ्याच्या आरंभी, तीन-चार आठवड्यांपुरताच करावा. आधी आणि नंतर फेरिटिन, बी-१२ आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी करावी. बी-१२ तर गोळीतूनच घ्यावं लागतं, मोडांत आणि फळांत ते नसतं. आठवड्याला अर्ध्या किलोपेक्षा जास्त वजन उतरायला लागलं, झोप तुटायला लागली, नेहमीच्या चढावर नाडीचे ठोके वाढायला लागले किंवा पाळी चुकली तर तिथेच थांबावं. अनेकांना दिवसातलं एक खाणं, सकाळचं, कच्चं ठेवणं जमतं आणि मानवतं: एक मोठं वाडगं फळं, भिजवलेले बदाम, वर दही. पुरंदरचं अंजीर आणि सीताफळ हंगामात दारात असतं, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी भोरहून फार लांब नाही. त्यासाठी परदेशी फळांच्या मागे लागायचं कारण नाही.

शर्यत जवळ आली की मात्र कच्च्या पंथातल्या धावकालाही नियम उलटा करावा लागतो. शेवटचे दोन दिवस चोथा कमी करायचा, म्हणजे आतडं रिकामं आणि हलकं राहतं, आणि ग्लायकोजेन भरायला कर्बोदकं वाढवायची, दिवसाला वजनाच्या दर किलोमागे दहा ग्रॅमच्या आसपास. साठ किलोच्या धावकाला ते सहाशे ग्रॅम होतात. कोशिंबीर, मोड, पेरू, बदाम यांतून ते शक्य नसतं. ते मिळतं ऊन, मऊ, पांढऱ्या भातातून. सोबत पातळ वरण, मीठ आणि हवं तर लिंबाची फोड.